उत्तराला बांधील कोण?



आपण मला या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद दिलंत. पण अध्यक्षाने मराठीच्या भवितव्याची चिंता वाहावी, तरुण वाचत नाहीत म्हणून हळहळावं आणि शाल-श्रीफळ घेऊन घरी जावं, ही रीत मला मान्य नाही. आज मला आपल्याच संस्थांशी भांडायचं आहे.

आपल्या जवळपास प्रत्येक संस्थेचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, फेसबुक पेज आहे. वार्षिक अहवालात त्यांची सदस्यसंख्या अभिमानाने छापली जाते. त्या ग्रुपवर चालतं काय? सकाळी सुप्रभात, दुपारी पदाधिकाऱ्यांच्या सत्काराचे फोटो, संध्याकाळी कुणाच्या तरी वाढदिवसाचे केक. एखादी मुलगी धीर करून रात्री आपली पहिली कविता टाकते. लगेच तिच्याखाली एक फॉरवर्ड येऊन पडतो आणि त्याला जोडलेल्या हातांची रांग लागते. कवितेला कुणी ‘वाचली’ एवढंही म्हणत नाही. आठवड्याभरात ती मुलगी ‘लेफ्ट’ होते आणि ती का गेली हे कुणी विचारत नाही. याला आपण साहित्यिक चळवळ म्हणतो? मला हे मंजूर नाही.

काही ज्येष्ठ म्हणतील, हे माध्यमच उथळ आहे. साफ चूक. ‘मायबोली’ हे संकेतस्थळ १९९६ पासून चालू आहे. घरापासून हजारो मैलांवर असलेल्या मराठी माणसांनी तिथे कथा लिहिल्या, गझलेवर वाद घातले, एकमेकांना पाककृती सांगितल्या. मराठी विकिपीडिया २००३ मध्ये सुरू झाला. तिथे स्वयंसेवक एक पैसा न घेता लेख लिहितात, दुसऱ्याच्या चुका दुरुस्त करतात, आणि कुणी काय बदललं याची नोंद कुणालाही पाहता येते.

साहित्याबाहेरही पाहा. नाशिक-सांगलीकडच्या द्राक्ष बागायतदारांच्या ग्रुपवर ऑक्टोबर छाटणीनंतर ढगाळ हवा आली की कुणीतरी भल्या सकाळी पानाचा फोटो टाकतो. वरून तेलकट पिवळे डाग, खालून पांढरी बुरशी. ‘डाऊनी आहे का?’, म्हणजे केवडा रोग आहे का, असं तो विचारतो. लगेच उलट प्रश्न येतात. छाटणीला किती दिवस झाले? बाग फुलोऱ्यात आहे का? शेवटची फवारणी कशाची? रात्री पाऊस झाला का? मगच सल्ला मिळतो. सल्ला चुकला तर दुसरा बागायतदार तो तिथल्या तिथे खोडून काढतो, कारण चुकीच्या औषधाने एखाद्याचा हंगाम बुडतो आणि निर्यातीच्या मालात औषधाचा अंश (रेसिड्यू) निघाला तर माल नाकारला जातो. विचारणाऱ्याला उत्तर मिळतं आणि उत्तर देणारा त्या उत्तराला बांधील असतो. समाज या दोन गोष्टींवर उभा राहतो. आपल्या साहित्यिक ग्रुपांवर दोन्हींचा दुष्काळ आहे.

कुणीच बांधील नसलं की काय होतं, तेही महाराष्ट्राने पाहिलं आहे. १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेल्या, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने मारहाण केली, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि जिवे मारलं. त्याआधी अशी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून गावोगाव फिरत होती. पुढे पाठवणाऱ्या कितीतरी जणांना आपण लोकांना सावध करतो आहोत असंच वाटत होतं. ‘हे कुणी सांगितलं? कुठल्या पोलीस ठाण्यात नोंद आहे?’ असं विचारणारी माणसं कमी पडली. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. कंपनीने बटण आवळलं. आपण आपल्या ग्रुपवर काय बदललं?

मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलं की, समान हेतू किंवा पूर्वनियोजन नसेल तर व्हॉट्सॲप ग्रुपमधल्या सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी ॲडमिनला फौजदारी गुन्ह्यात जबाबदार धरता येत नाही. निर्णय योग्य आहे. पण त्याच्या आडोशाला उभं राहून ‘ग्रुपवर काय येतं त्याच्याशी माझा संबंध नाही’ असं म्हणणाऱ्याने ॲडमिनपद आजच सोडावं.

दुसरा झगडा कंपन्यांशी आहे. फेसबुकने २०१७ पासून रागाच्या इमोजीसकट सगळ्या इमोजींना साध्या लाइकच्या पाचपट वजन दिलं होतं. कंपनीची अंतर्गत कागदपत्रं २०२१ मध्ये बाहेर आली तेव्हा हे जगाला कळलं. जातीवरून, इतिहासावरून पेटणाऱ्या ज्या भांडणांना आपण वैचारिक चर्चा समजत होतो, त्यांना वारा घालणारं यंत्र होतं. आणि कंपनीने दिलेली जागा कायमची नसते: ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झालं, याहू ग्रुप्स १५ डिसेंबर २०२० रोजी. दुसऱ्याच्या वाड्यात बिऱ्हाड थाटणाऱ्याने आपलं सामान कुठे हलवायचं हे आधीच ठरवलेलं बरं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून पुस्तकं सांभाळतं आहे. आपल्या ग्रुपवर गेल्या वर्षी झालेली एखादी चांगली चर्चा आज कुणी काढून दाखवेल का?

तिसरी गोष्ट सगळ्यांत कडू. १८८५ च्या ग्रंथकार सभेत, म्हणजे मराठी लेखकांच्या संमेलनात, सामील व्हायला महात्मा फुल्यांनी पत्र लिहून नकार दिला. ज्यांचे हक्क नाकारले गेले त्यांना वगळून चाललेल्या सभेशी त्यांना नातं नको होतं. ते पत्र आजही आपल्याला उद्देशून आहे. बोलीत लिहिणाऱ्याला ‘आधी शुद्धलेखन सुधारा’ म्हणून गप्प करणारे ॲडमिन मी पाहिले आहेत. हिशोब विचारणाऱ्या सभासदाला रातोरात ‘रिमूव्ह’ करणारेही पाहिले आहेत. दार जुनंच आहे, कडी तेवढी नवी बसवली आहे.

म्हणून या संमेलनाने चार ठराव करावेत, अशी माझी मागणी आहे. एक, प्रत्येक संस्थेने ग्रुपचे नियम लिहून जाहीर करावेत आणि कारण सांगितल्याशिवाय कुणालाही काढू नये. दोन, ॲडमिन दरवर्षी बदलावेत. त्यांत किमान एक स्त्री आणि एक तिशीच्या आतला सदस्य असावा. तीन, नवोदिताचं लेखन आलं की आठवड्याच्या आत एका जाणत्या सदस्याने वाचून उत्तर द्यावं, आणि महिन्यातून एकदा सगळ्यांनी प्रत्यक्ष भेटावं. चार, निवडक लेखन आणि चर्चा, लिहिणाऱ्याच्या परवानगीने, संस्थेने स्वतःच्या संकेतस्थळावर आणि गावच्या ग्रंथालयात जपाव्यात. याला मोठा निधी लागत नाही, वेळ द्यावा लागतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपण अभिनंदनाचे फलक लावले. त्या भाषेत आज लिहू पाहणाऱ्या पोरीला उत्तर देणं त्या फलकांपेक्षा मोठं काम आहे.

ठरावांना विरोध असेल तर तो इथेच, उघडपणे करा. मी उत्तर द्यायला बसलो आहे. पुढच्या अहवालात मात्र ग्रुपवर किती सदस्य आहेत हे छापू नका. किती नवोदितांना उत्तर मिळालं, किती अफवा अडवल्या, किती लेखन जपलं, ते छापा. ज्या संस्थेकडे यातलं काहीच छापण्याजोगं नसेल, तिने समाज जोडल्याचा दावा सोडून द्यावा.