एक हाक
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला मंडळातल्या एकीने पाहिलेल्या चित्रपटावर किंवा वाचलेल्या पुस्तकावर चार शब्द बोलावे, असा आपला परिपाठ आहे. यंदा ही पाळी माझ्यावर आली. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा टीका-समीक्षा माझ्याकडून व्हायची नाही. जे पाहिले आणि त्यावरून जे मनात आले, ते सांगते. विषय थोडा नाजूक आहे. पण इथे बसलेल्या आपण बहुतेक जणी लग्न होऊन नांदलेल्या, लेकी-सुना असलेल्या आहोत. ज्या गोष्टीवाचून आपल्यापैकी कुणाचाच संसार पुरा झाला नाही, तिचे नाव काढायला आपण लाजायचे तरी किती?

चित्रपटाचे नाव 'ऑन चेझिल बीच', म्हणजे चेझिलच्या किनाऱ्यावर. इयन मॅकयुअन या इंग्रज लेखकाची याच नावाची छोटी कादंबरी २००७ साली निघाली. तिच्यावरून २०१७ साली हा चित्रपट तयार झाला. पटकथा लेखकानेच लिहिली आणि दिग्दर्शन डॉमिनिक कुक यांनी केले. सर्शा रोनन आणि बिली हाउल यांनी नवरा-नवरीची कामे केली आहेत. माझ्या लेकीने तो मला संगणकावर लावून दिला आणि जागोजागी थांबवून इंग्रजी बोलण्याचा अर्थ सांगितला.

गोष्ट १९६२ सालची, इंग्लंडमधली आहे. फ्लॉरेन्स ही पैसेवाल्या घरची मुलगी. व्हायोलिन फार सुरेख वाजवते, वादकांचा स्वतःचा संच तिने उभा केला आहे. एडवर्ड साध्या शाळामास्तरांचा मुलगा. इतिहास शिकलेला, परीक्षेत पहिल्या वर्गात आलेला. त्याच्या आईच्या डोक्याला तो लहान असताना रेल्वे फलाटावर मार लागला, तेव्हापासून तिचे मन जागेवर नाही. फ्लॉरेन्स त्या घरी जाते, त्या बाईशी इतकी मायेने वागते की घरातल्यांना भरून येते. दोघांचे एकमेकांवर खरे प्रेम आहे. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जे बिघडते ते प्रेम नव्हते म्हणून बिघडत नाही.

लग्न होते आणि दोघे इंग्लंडच्या दक्षिणेला, डॉर्सेट परगण्यात, समुद्रकाठच्या एका हॉटेलात येतात. चेझिलचा किनारा आपल्या कोकणासारखा वाळूचा नव्हे. सुमारे २९ किलोमीटर लांबीचा नुसत्या गोट्यांचा बांधच तो. पश्चिमेच्या टोकाला हे गोटे वाटाण्याएवढे असतात आणि पोर्टलंडच्या बाजूला सरकत सरकत बटाट्याएवढे होतात. त्यावर चालताना पाय रुततो, तोल जातो. लेखकाने जागा विचार करून निवडली असावी, असे मला वाटले.

खोलीतच जेवण येते. दोन वाढपी पोरे उभी राहून वाढतात. नवरा-नवरी ताठ बसून जेवतात आणि घास कुणाच्याच घशाखाली उतरत नाही. आतल्या खोलीत पलंग दिसतो आहे. ती घाबरलेली आहे. नुसती लाज नव्हे, तिला त्या गोष्टीची शिसारी आहे. नवरीसाठी लिहिलेले एक पुस्तक तिने वाचले आहे, आणि त्यातले शब्द वाचून तिची भीती वाढली आहे. तोही घाबरलेला आहे. त्याला अनुभव काहीच नाही, आणि पुरुषाला सगळे आपोआप यायला पाहिजे अशी त्याची समजूत आहे. तिला वाटते, हा किती धीट! त्याला वाटते, हिची तयारी आहे. दोघेही मनातले मनात ठेवतात. शेवटी तो प्रसंग येतो तेव्हा त्याच्याने धीर धरवत नाही, सगळे क्षणात आटोपते, आणि ती किळसेने उठून अंधाऱ्या किनाऱ्याकडे पळत सुटते.

तो तिला शोधत येतो. बोलणे व्हायचे ते तिथे होते, पण दोघांच्याही मनाला आग लागलेली असताना. ती म्हणते, आपण प्रेमाने एकत्र राहू, मला ही गोष्ट जमायची नाही, तुला हवे तर तू दुसरीकडे जा, मी रागावणार नाही. तिने हे मोठ्या मनाने म्हटलेले असते. त्याला तो अपमान वाटतो. तो तिला नको ते बोलतो. ती त्याला आपल्याबरोबर परत यायला विनवते. तो पाठ फिरवून उभा राहतो. ती त्या गोट्यांवरून चालू लागते. तो तिला हाक मारत नाही. संपले. सहा तासांचा संसार म्हणा ना. कायद्याने ते लग्न झालेच नाही असे ठरते.

पुढे १९७५ साल येते. एडवर्डचे गाण्यांच्या तबकड्यांचे दुकान आहे. एक लहान मुलगी आईच्या वाढदिवसासाठी तबकडी घ्यायला येते. तिच्या बोलण्यावरून त्याच्या ध्यानात येते की ही फ्लॉरेन्सची मुलगी. मग २००७ साल. फ्लॉरेन्सच्या संचाचा लंडनमध्ये निरोपाचा कार्यक्रम असतो. तरुणपणी जिथे बसायचे वचन त्याने तिला दिले होते, त्याच खुर्चीवर हा म्हातारा जाऊन बसतो. वाजवता वाजवता तिची नजर त्याच्यावर पडते. दोघांचे डोळे भरतात. कादंबरीत ही भेटसुद्धा नाही. तिथे तो आयुष्यभर तिच्यापासून दूरच राहतो आणि उशिरा त्याला कळते की थोडा धीर धरला असता, तिला मागून एक हाक मारली असती, तर ती थांबली असती.

चित्रपट संपल्यावर माझ्या लेकीने विचारले, "आई, त्याने हाक का नाही मारली?" मी म्हटले, "हाक मारायची सवय आधीपासून लागते. एकदम किनाऱ्यावर ती तोंडातून फुटत नाही."

मैत्रिणींनो, मला सांगायचे आहे ते एवढेच. दोघांत दोष शोधायला गेले तर दोघांतही सापडतो, आणि हाती काही लागत नाही. उणीव होती ती बोलण्याची. त्यांच्याजवळ शिक्षण होते, संगीत होते, पुस्तके होती. पण "मला भीती वाटते" हे तीन शब्द लग्नाआधीच्या सगळ्या दिवसांत एकानेही उच्चारले नाहीत.

कुणी म्हणेल, त्या काळी ज्ञान नव्हते. तसेही नाही. इंग्लंडात मेरी स्टोप्स नावाच्या बाई होऊन गेल्या. वनस्पतिशास्त्रातल्या मोठ्या विदुषी, १९०४ साली म्युनिकला डॉक्टरेट मिळवलेल्या. त्यांचे १९११ साली लग्न झाले आणि पुढे नवरा-बायकोचे नातेच जुळले नाही म्हणून १९१६ साली कोर्टाने ते रद्द ठरवले. एवढ्या शिकलेल्या बाईवर ही पाळी यावी! पण त्या गप्प बसल्या नाहीत. १९१८ साली त्यांनी नवरा-बायकोच्या संबंधांवर उघडपणे पुस्तक लिहिले आणि १९२१ साली लंडनमध्ये संततिनियमनाचे केंद्र काढले.

त्याच १९२१ साली आपल्या मुंबईत रघुनाथ धोंडो कर्वे यांनी असेच केंद्र सुरू केले. महर्षी अण्णासाहेब कर्वे यांचे हे थोरले चिरंजीव, गणिताचे प्राध्यापक. जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले आणि १९५३ साली डोळे मिटेपर्यंत चालवले. त्यात वाचकांच्या अवघड प्रश्नांना ते सरळ उत्तरे देत. अश्लीलतेचे खटले झाले, दंड झाला. एका खटल्यात तर स्वतः डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. पत्नी मालतीबाईंनी सगळ्या हालअपेष्टांत साथ दिली. म्हणजे आपल्या मराठीत ही वाट कधीच पाडून ठेवलेली आहे, आपणच तिच्यावरून चालायचे टाळतो.

आणि केवळ पुस्तकाने काम भागत नाही, हेही त्या चित्रपटात दिसते. फ्लॉरेन्सने पुस्तक वाचले होतेच की! पुस्तक शरीराची माहिती देते. पण "थांब", "दुखते आहे", "आज नको", "जरा बोलत बसू या" हे पुस्तक आपल्या वतीने बोलत नाही. ते आपले आपणच बोलायचे असते.

आता आपल्या घरांकडे पाहा. मुलीचे लग्न ठरले की आपण केळवणे करतो, रुखवत मांडतो, चारचौघांत नाव घेता यावे म्हणून उखाणे पाठ करून घेतो. पुढे सत्यनारायण, जेजुरी, सगळे यथासांग. सासूशी कसे वागावे, दिराला काय म्हणावे, भाकरी कशी थापावी, सारे सांगतो. आणि ज्या खोलीत तिला एकटीला एका परक्या माणसाबरोबर दार लावून घ्यायचे आहे, तिथले काय सांगतो? "सांभाळून घे हो." काय सांभाळायचे आणि कसे, हे विचारायची तिला सोय नाही. मुलाला तर एवढेही कुणी सांगत नाही. त्याचे शिक्षण मित्रांच्या थट्टेवर आणि हल्ली हातातल्या मोबाइलवर चालते. त्यात माया नसते आणि खरेपणाही नसतो.

एक मुलगी माझ्या माहितीतली. लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात माहेरी येऊन बसली. बायका जमल्या. सोन्यावरून काही झाले का? सासू छळते का? नवरा पितो का? मुलगी मानेनेच नाही म्हणे. दीड महिना गेला तेव्हा कुठे तिच्या आत्याने तिला शेजारी निजवले आणि अंधारात विचारले, "बाळ, तुला त्याची भीती वाटते का?" मग जी रडली! तिला फार दुखत होते आणि नवऱ्याला ते ती सांगू शकत नव्हती. नवरा समजत होता की आपण हिला आवडत नाही. आत्याने दोघांना लेडी डॉक्टरांकडे नेले. भीतीने अंग आखडते, त्यावर उपाय असतो, हे तिथे कळले. आज त्यांचा मुलगा शाळेत जातो. त्या आत्याने विशेष काय केले? अंधारात एक प्रश्न विचारला.

आमच्या लग्नात मी दिवसभर उपाशी. वरात, पाया पडणे, गोंधळ, यात कुणी जेवलीस का म्हणून विचारले नव्हते. रात्री आमच्या यजमानांनी पहिला प्रश्न केला तो, "भूक लागली आहे का?" रुखवतातले बेसनाचे लाडू त्यांनी काढून आणले आणि आम्ही दोघांनी पहाटेपर्यंत घरच्या माणसांच्या गमती सांगत ते खाल्ले. त्या रात्री एवढेच झाले. त्या हॉटेलातले न गिळणारे जेवण पाहताना मला ते लाडू आठवले. फ्लॉरेन्सला कुणी विचारले असते, "तुला काय वाटते आहे?" तर पुष्कळ फरक पडला असता.

आणखी एक गोष्ट नाजूक आहे, पण सांगितलीच पाहिजे. फ्लॉरेन्स लहान असताना वडिलांबरोबर नावेतून जाई. त्या नावेत काहीतरी विपरीत घडले असावे, असे चित्रपट नुसते सुचवून पुढे जातो. काही जणींची शिसारी अशा जुन्या जखमेतून येते. असे कुणी मुलगी सांगू लागली तर "गप्प बस, घराण्याचे नाव जाईल" म्हणू नका. ऐकून घ्या आणि तिच्यावर विश्वास ठेवा.

आपल्या लेकी-सुनांना आणि मुलांनाही मी चार गोष्टी सांगाव्या म्हणते. पहिली, पहिली रात्र ही परीक्षा नव्हे, आणि दुसऱ्या दिवशी कुणी निकाल विचारू नये. दुसरी, "थांब" म्हणण्याचा हक्क दोघांनाही आहे, आणि थांब म्हटल्यावर थांबायचेच. लग्न झाले म्हणजे जबरदस्तीचा परवाना मिळाला असे नाही. जो ऐकतच नाही, त्याच्यापाशी मुलीला बोलके हो म्हणून सोडून देऊ नका, तिला घरी आणा. तिसरी, नवख्या मुलाची घाई होणे, नवख्या मुलीला दुखणे किंवा भीती वाटणे, हे पुष्कळांचे होते. त्यात कमीपणा नाही. ते निवळले नाही तर दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जावे, बुवा-वैदूकडे नव्हे. चौथी, रागात असताना हे बोलू नये, आणि राग आला तरी पाठ फिरवून उभे राहू नये.

मंडळापुढे माझी एक सूचना आहे. लग्नसराई सुरू होण्याच्या आधी दरवर्षी एक दिवस लेडी डॉक्टरांना बोलवावे आणि लग्न ठरलेल्या मुलींना घेऊन आयांनी यावे. मुलांसाठी पुरुष डॉक्टरांचा दिवस वेगळा ठेवावा, आणि त्यांना घेऊन यायची जबाबदारी बापांनी घ्यावी. पाककृतीच्या वर्गाला आपण जेवढा खर्च करतो, त्याहून याला जास्त लागणार नाही. सूचना पटली तर आजच सभेच्या वहीत लिहून घ्यावी, म्हणजे ती पुढच्या वर्षावर जाणार नाही.