नक्कल नको, आयात करा



घरातली पाककृतींची वही आठवा. आमटीच्या पानावर ‘एक चमचा गोडा मसाला’ एवढंच लिहिलेलं असतं. धणे किती, दगडफूल किती, हे मसाल्याच्या पानावर एकदाच असतं. भरल्या वांग्याच्या पानावरही तोच एक चमचा. मसाल्याचं प्रमाण बदललं, तर एकच पान दुरुस्त करायचं. संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनाही हीच सोय हवी असते. ‘पायथन’ या संगणकभाषेत तिला ‘इम्पोर्ट’ म्हणजे आयात म्हणतात.

गिडो व्हान रॉसम या डच प्रोग्रॅमरनं १९९१ मध्ये पायथन लोकांपुढे आणली. गरज मात्र त्याहून जुनी. केंब्रिज विद्यापीठात १९४९ साली ‘एडसॅक’ हा संगणक सुरू झाला. तिथं वारंवार लागणारी गणितं भोकं पाडलेल्या कागदी पट्ट्यांवर जपून ठेवत. ज्याला हवं, त्यानं त्या पट्टीची नक्कल आपल्या पट्टीवर उतरवून घ्यायची.

नक्कल करायला सोपी, पण निस्तरायला अवघड. माझ्या पाहण्यातल्या एका पतसंस्थेत ठेवींवरचं व्याज काढणाऱ्या दहा-बारा ओळी चार फायलींत चिकटवलेल्या होत्या. पावतीसाठी एक, पासबुकासाठी एक, मुदतपूर्तीच्या पत्रासाठी एक आणि वार्षिक अहवालासाठी एक. ज्येष्ठ नागरिकांचा दर वाढला तेव्हा तीन फायली दुरुस्त झाल्या, पत्राची राहून गेली. एका निवृत्त शिक्षिकेच्या पावतीवर एक आकडा आणि पत्रात दुसरा! पैसे शेवटी बरोबर मिळाले, पण तोवर ‘माझाच हिशेब चुकतोय का’ या काळजीत बाईंचे कितीतरी दिवस गेले.

मग ते गणित ‘व्याज’ नावाच्या एकाच फायलीत ठेवलं आणि बाकी चारही फायलींच्या माथ्यावर ‘इम्पोर्ट व्याज’ अशी ओळ लिहिली. आता दर बदलला की एकाच जागी हात लावायचा.

ही ओळ वाचल्यावर पायथन काय करतो? त्या नावाची फाइल शोधू लागतो. चालू असलेला प्रोग्रॅम ज्या फोल्डरमध्ये आहे तिथं आधी, मग पायथनबरोबर आलेल्या भांडारात. म्हणून स्वतःच्या फायलीला भांडारातलंच नाव देऊ नये. ‘रँडम’ नावाची फाइल तुम्ही करून ठेवलीत, तर भांडारातल्या ‘रँडम’ऐवजी तुमचीच पुढे येते आणि नवशिका गोंधळतो.

फाइल सापडली की पायथन ती पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत चालवतो. त्या फायलीच्या तळाशी कुणी चाचणीसाठी ‘सगळ्यांना पत्रं छाप’ असं लिहून ठेवलं असेल, तर नुसत्या आयातीनंही पत्रं छापली जातील. यासाठी जाणकार एक अट घालतात. ‘ही फाइल थेट चालवली असेल तरच हे काम कर, दुसऱ्या कुणी बोलावली असेल तर करू नको.’

त्याच चालू प्रोग्रॅममध्ये पुन्हा आयात केली, तर पायथन फाइल पुन्हा वाचत नाही, आधीचीच वापरतो. त्यामुळे दिवसभर चालणाऱ्या प्रोग्रॅमला फायलीतला बदल सहसा तो बंद करून पुन्हा सुरू केल्यावरच कळतो.

नावांचंही पथ्य आहे. फायलीतली सगळी नावं एकदम आपल्याकडे ओढता येतात, पण वर्गात दोन सुरेश असले की आडनावानंच हाक मारावी लागते. ‘व्याज’मधलं ‘काढा’ आणि ‘दंड’मधलं ‘काढा’ असं फायलीच्या नावासकट म्हटलं, की घोटाळा होत नाही.

यात एक धोका आहेच. सगळ्यांचं गणित एका फायलीवर आलं, की तिथली चूकही सगळीकडे पोचते. म्हणून ती फाइल दोघांनी वाचावी आणि जुन्या पावत्यांवर पडताळून पाहावी. चार नकला तपासायला कुणालाच वेळ नसतो, पण एक फाइल नीट तपासता येते. ठेवीदाराला तर यातलं काहीच ठाऊक नसतं. पावतीवर आणि पत्रात एकच आकडा दिसावा, एवढीच त्याची अपेक्षा असते.