घराचे छायाचित्र आणि गिऱ्हाइकाचा भरवसा

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त गोरखी, लष्कर, ग्वाल्हेर येथे दिलेले व्याख्यान)



न्यासाच्या चिटणीसांनी आम्हां दोघां भावांस व्याख्यानाचे आमंत्रण दिले, तेव्हा आमची थोडी तारांबळच उडाली. आमचा धंदा कॅमेऱ्याच्या मागे उभे राहण्याचा; चार लोकांच्या पुढे उभे राहून बोलण्याची सवय आम्हांस नाही. परंतु ज्या न्यासाने आमच्या पहिल्या कॅमेऱ्यासाठी बिनव्याजी रक्कम दिली, त्याला नाही कसे म्हणावे? विषयही त्यांनीच नेमून दिला. विक्रीच्या आणि भाड्याच्या घरांची छायाचित्रे काढण्याचा धंदा कसा वाढवावा, हे आम्ही सांगावे. समाजातील काही मुलामुलींनी याच धंद्यासाठी न्यासाकडे अर्ज केले आहेत असे कळते. आमचे बोलणे मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. वडील मंडळींनी ते गोड मानून घ्यावे.

हे व्याख्यान गोरखीत होत आहे, हेही योग्यच आहे. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी उज्जैनहून येऊन किल्ल्याखाली आपली छावणी टाकली, आणि त्या छावणीचेच पुढे लष्कर हे शहर झाले. गोरखी हा शिंद्यांचा जुना राजवाडा. त्यांचे देवघर आजही येथेच आहे. दरबाराबरोबर आपले पूर्वज आले, त्यांनी येथे वाडे बांधले. वाडा हा आपला शब्द येथील हिंदीत जाऊन 'बाडा' झाला, आणि आपणही आता 'बाड्यावर जाऊन येतो' असेच म्हणतो. त्या वाड्यांपैकी कित्येक आज विक्रीस निघाले आहेत. मालक पुण्याला, बंगळूरला किंवा अमेरिकेत. घेणारा दिल्लीत किंवा भोपाळात. दोघांनीही एकमेकांस पाहिलेले नसते. त्यांच्यामध्ये असते ती आपण काढलेली वीसपंचवीस छायाचित्रे. या कामाची जबाबदारी किती मोठी, हे यावरून ध्यानात यावे.

हा धंदा नवा आहे असे पुष्कळांस वाटते. पण आपल्याच मध्य भारतात दीडशे वर्षांपूर्वी एका गृहस्थाने इमारतींच्या छायाचित्रांवर मोठा व्यवसाय उभा केला होता. त्यांचे नाव राजा दीनदयाळ. जन्म १८४४ चा, मीरतजवळच्या सरधन्याचा. रुरकीच्या थॉमसन कॉलेजात ते स्थापत्य शिकले, आणि १८६६ साली इंदुरास सरकारी बांधकाम खात्यात अंदाजपत्रके करणारे व नकाशे काढणारे म्हणून नोकरीस लागले. छायाचित्रण हा प्रथम त्यांचा फावल्या वेळचा छंद. तुकोजीराव होळकरांनी त्यांस आश्रय दिला. गव्हर्नर जनरलचे एजंट सर हेन्री डेली यांनी पुढे आणले. नंतरचे एजंट सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर त्यांनी मध्य भारतातील प्राचीन इमारतींचा दौरा केला. त्यातून १८८६ साली ८६ छायाचित्रांचा ग्रंथ निघाला, आणि आपला ग्वाल्हेरचा किल्ला त्यात आहे. पुढे ते व्हाइसरॉयचे छायाचित्रकार झाले, हैदराबादच्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले. सिकंदराबादेस आणि १८९६ साली मुंबईस त्यांनी स्टुडिओ काढले. १९०५ साली ते वारले. त्यांच्या स्टुडिओच्या अडीच हजारांहून अधिक काचा दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने १९८९ साली घेऊन जतन केल्या आहेत.

एवढे सांगण्याचे कारण असे की, हा मनुष्य छायाचित्रकार होण्यापूर्वी मोजमाप करणारा होता. भिंत ओळंब्यात आहे की नाही, हे पाहण्याची त्याच्या डोळ्यांस सवय होती. त्याच्या चित्रांत खांब सरळ उभा दिसतो, इमारत आहे तेवढीच दिसते. नकाशा काढणाऱ्याने खोटे माप लिहिले तर घर पडते; छायाचित्रकाराने खोटे माप दाखविले तर धंदा पडतो. हे शहाणपण आम्हांस पुस्तकातून आले नाही. ते कसे आले, ते आता सांगतो.

प्रथमची दोनतीन वर्षे आम्हांस निम्म्याहून अधिक काम एकाच दलालाकडून मिळत असे. त्यांचे म्हणणे एकच : 'खोली मोठी दिसली पाहिजे.' आम्हीही रुंद भिंग लावून, कोपऱ्यात पाठ टेकवून छायाचित्रे काढीत होतो. दहा फुटांची खोली दिवाणखान्यासारखी दिसे, दलाल खूष होत, आणि आम्हांसही आपल्या हुशारीचे कौतुक वाटे.

एके दिवशी नागपूरचे एक निवृत्त शिक्षक रात्रभर प्रवास करून ग्वाल्हेरास उतरले. मुलगा येथे नोकरीस. त्याच्याजवळ राहावे म्हणून लहानसे घर घ्यावयाचे होते. जन्मभराची शिल्लक त्यात घालावयाची. आमची छायाचित्रे त्यांनी कागदावर छापून आणली होती. दलालाने आम्हांस किल्ली घेऊन पाठविले. गुरुजी खोलीत शिरले, कागदाकडे पाहिले, मग खोलीकडे पाहिले. नंतर त्यांनी खिडकी उघडली. खिडकीपासून दोन हातांवर शेजारच्या इमारतीची भिंत होती. छायाचित्रात खिडकीतून नुसता पांढरा प्रकाश येताना दिसत होता.

त्यांनी शांतपणे विचारले, 'हे फोटो तुम्हीच काढलेत का?'

आम्ही म्हटले, 'हो गुरुजी.'

'मग ही भिंत तुम्ही पाहिली होती.'

ते रागावले नाहीत, ओरडले नाहीत. जाण्यायेण्याचे भाडे आम्ही देऊ केले, तेही त्यांनी घेतले नाही. कागद घडी करून पिशवीत ठेवले आणि जिना उतरून गेले. त्या रात्री आम्हां दोघांस जेवण गेले नाही. आईने विचारले, 'काय रे झाले?' तिला काय सांगावे? आम्ही एक शब्दही खोटा बोललो नव्हतो, आणि तरीही एका वृद्ध माणसास फसविले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दलालास सांगितले की, यापुढे खोली आहे तेवढीच दाखवू. ते म्हणाले, 'मग दुसरा कोणी काढील.' आणि तसेच झाले. आठ महिने आमची फार ओढाताण झाली. न्यासाचे दोन हप्ते चुकले. ते विश्वस्तांनी मोठ्या मनाने पुढे ढकलले, हे आज सर्वांदेखत सांगणे आमचे कर्तव्य आहे.

आता कामाच्या चार गोष्टी. भिंगाचे गणित सोपे आहे. पूर्ण आकाराच्या कॅमेऱ्यावर २४ मिलिमीटरचे भिंग आडवे सुमारे ७४ अंश दाखविते. १६ मिलिमीटरचे सुमारे ९७ अंश. जितके रुंद जावे, तितकी जवळची वस्तू फुगते आणि समोरची भिंत दूर पळते. आम्ही शक्यतो २४ च्या खाली जात नाही. न्हाणीघरासारख्या अगदी अरुंद जागी जावे लागले, तर त्या छायाचित्राखाली खोलीची लांबीरुंदी फुटांत लिहितो. कॅमेरा तिकाटण्यावर, जमिनीपासून चार-साडेचार फुटांवर आणि अगदी समतल ठेवावा. म्हणजे दाराच्या चौकटी तिरक्या होत नाहीत. खिडकी आणि खोली यांचा प्रकाश सारखा नसतो. म्हणून एकाच जागेवरून कमी, मध्यम व अधिक प्रकाशाची तीन छायाचित्रे घेऊन ती जुळवावीत. म्हणजे खिडकीबाहेरचे जे असेल ते दिसते : झाड असेल तर झाड, भिंत असेल तर भिंत. आपल्याकडच्या उन्हाळ्यात दुपारचे ऊन चौकात नुसते भाजत असते. पूर्वाभिमुख घर सकाळी आठ-नऊच्या सुमारास घ्यावे, पश्चिमेचे दिवस कलल्यावर.

हल्ली संगणक रिकाम्या खोलीत पलंग, पडदे, दिवे सर्व काही मांडून देतो. ते करण्यास आमची ना नाही. पण 'सामान कल्पित आहे' असे चित्रावरच लिहावे, आणि रिकाम्या खोलीचे मूळ छायाचित्र शेजारी द्यावे. भिंतीची ओल मात्र संगणकाने पुसू नये. ओल पुसण्याचे काम गवंड्याचे आहे.

कायदाही ठाऊक असावा. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याच्या १२ व्या कलमाप्रमाणे, जाहिरातीतील खोट्या माहितीवर विसंबून कोणी पैसे भरले आणि त्याचे नुकसान झाले, तर बांधकाम करणाऱ्यास भरपाई द्यावी लागते. म्हणून खरे छायाचित्र हे बिल्डरचेही संरक्षण आहे. हे त्यास समजावून सांगितले की तो आपला दर मान्य करतो, असा आमचा अनुभव आहे. दुसरे, १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे पैसे देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्राचा हक्क, वेगळा करार नसेल तर, काढवून घेणाऱ्याचा असतो. तेव्हा एक पानाचा का होईना, करार करावा. तिसरे, ड्रोन. २०२१ च्या नियमांप्रमाणे अडीचशे ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला चालकाचा परवाना लागत नाही. पण त्याने आकाश मोकळे होत नाही. आपल्या शहराशेजारी महाराजपुऱ्यास वायुसेनेचा तळ आहे. सरकारी नकाशावर आपली जागा कोणत्या रंगाच्या पट्ट्यात येते, ते पाहिल्यावाचून यंत्र वर उडवू नये.

आता वाढीविषयी. त्या आठ महिन्यांनंतर काम परत कसे आले? प्रथम एका बँकेच्या मूल्यमापकाने बोलाविले, कारण त्यास फुगविलेले चित्र नको होते. मग बाहेरगावच्या मालकांनी, कारण त्यांस घराची खरी स्थिती कळावयास हवी होती. मग दुसऱ्या दलालांनी, कारण आमची छायाचित्रे पाहून आलेले गिऱ्हाईक दारातून परत फिरत नसे. त्यावरून आम्ही तीन नियम केले. कोणाही एकाकडून तिसऱ्या हिश्श्याहून अधिक काम घ्यावयाचे नाही. म्हणजे नाही म्हणण्याची ताकद राहते. दर छायाचित्रागणिक न लावता घरागणिक लावावा आणि आधी सांगावा. आणि आज काढलेले काम उद्या दुपारपर्यंत पोचते करावे. जाहिरात आम्ही कधी केली नाही. गल्लीत ज्याचे घर विकले जाते, तोच पुढच्या घराला आमचे नाव सांगतो.

मुलींनी हा धंदा अवश्य करावा. घरे बहुधा दिवसा पाहावयाची असतात, आणि त्या वेळी घरी माताभगिनीच असतात. राजा दीनदयाळांनी १८९२ साली हैदराबादेस पडद्यातील स्त्रियांसाठी वेगळा स्टुडिओ काढून तेथे बाई छायाचित्रकारच नेमली होती. आमच्याकडे काम शिकणारी मुलगी गेल्यापासून स्वयंपाकघर आणि देवघर यांची दारे सहज उघडू लागली आहेत.

शेवटी एक विनंती. वाडा विकणारे मालक हल्ली कामाच्या शेवटी हळूच म्हणतात, 'आता एक फोटो आमच्यासाठी काढा.' तो तुळशीवृंदावनाचा असतो, माजघरातल्या फडताळाचा असतो, कधी दाराच्या चौकटीवर मुलांची उंची मांडलेल्या खुणांचा असतो. त्या फोटोचे पैसे आम्ही घेत नाही. विक्रीच्या दृष्टीने त्याचा काही उपयोग नसतो. पण चार-सहा महिन्यांनी तेथे मजली इमारत उभी राहिली म्हणजे तो वाडा तेवढ्यापुरताच उरतो.

आमची न्यासास अशी सूचना आहे की, लष्करातील जुन्या मराठी वाड्यांचा एक संग्रह न्यासाने ठेवावा. मालकाची लेखी संमती घेऊन प्रत्येक वाड्याच्या छायाचित्रांची एक प्रत, मोजमापासह, आम्ही येथे विनामूल्य देऊ. ज्या मुलांस न्यास कॅमेऱ्यासाठी कर्ज देईल, त्यांनीही वर्षास एक वाडा असा द्यावा. कर्जाचे हप्ते पैशांत फिटतीलच. हा हप्ता आपल्या पूर्वजांचा समजावा.

नागपूरचे ते गुरुजी पुन्हा भेटले नाहीत. परंतु आजही एखाद्या खोलीत तिकाटणे उभे केले की, आम्ही प्रथम खिडकी उघडून बाहेर काय आहे ते पाहतो, आणि मगच कॅमेऱ्यास हात लावतो. नव्या मुलांस आमचे सांगणे एवढेच की, त्यांनीही प्रथम खिडकी उघडावी.