छायाचित्राचें संस्करण

नवशिका छायाचित्रकार पावसाळ्यांत सिंहगडावर जाऊन चित्रें टिपतो आणि घरीं संगणकासमोर बसला कीं प्रथम रंगांचा भडकपणा वाढवितो. गवत पोपटी होतें, धुक्यावर निळी झांक चढते, आणि ज्या ओलसर धूसरतेसाठीं त्यानें कॅमेरा उचलला होता तीच नाहींशी होते.

संस्करण म्हणजे रंग चढविणें नव्हे. डोळ्यांनीं पाहिलेलें दृश्य कॅमेऱ्याच्या नोंदींतून पुन्हां उभें करणें होय. त्याला मर्यादा आहेत. ८ बिटांच्या जेपेग चित्रांत प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या, तर १४ बिटांच्या रॉ नोंदींत १६,३८४. म्हणून रॉ नोंदींतील काळवंडलेला कडा पुष्कळसा उजळतां येतो. पूर्ण पांढरें पडलेलें आकाश मात्र कोणत्याही युक्तीनें परत येत नाहीं. तें टिपतांनाच जपावें लागतें.

अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स यांनीं १९४१ सालीं न्यू मेक्सिकोंतील हर्नांडेझ येथें चंद्रोदय टिपला. पुढें अनेक वर्षें त्याच निगेटिव्हवरून नव्या प्रती काढतांना ते आकाश अधिकाधिक गडद करीत गेले. निगेटिव्ह जपलें होतें, म्हणूनच हें घडलें. नवशिक्यानेंही मूळ नोंद पुसूं नये. उद्यां त्याची दृष्टि बदलेल, तेव्हां तीच कामीं येईल.