लॅपटॉप मिळाला, पण पेपर वाचता येईना

आज एका अर्जाची गोष्ट सांगते. विषय ऐकून पुढचा भाग लावू नका, थांबा जरा.

माझा मामेभाऊ सातवीत आहे, तालुक्याच्या गावी, अनुदानित शाळेत. त्याला खूप कमी दिसतं. यूडीआयडी कार्डावर ७५ टक्के लिहिलंय. पुस्तक नाकाला लावून वाचतो आणि अर्ध्या तासात डोकं धरून बसतो. मामी शाळेत तीनदा जाऊन आली. उत्तर एकच, "बघू." मग मला फोन. "अगं, तू कम्प्युटरवाली ना, तूच सांग काहीतरी."

मी म्हटलं, मामी, आता तोंडी मागायचं नाही. तोंडी विनंतीची कुठे नोंदच होत नाही. आम्ही एका पानाचा अर्ज केला. आधार होता दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६. कलम १६ म्हणतं, शाळेने मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयी द्यायच्या. कलम १७ म्हणतं, ज्यांचं दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त आहे त्यांना वयाच्या १८ वर्षांपर्यंत पुस्तकं आणि सहाय्यक साधनं मोफत. आणि ही जबाबदारी शासनाची, स्थानिक प्राधिकरणाची. म्हणजे शाळेला मागणी वर पाठवता येते. हे ऐकल्यावर मुख्याध्यापक सरांचा सूरच बदलला, कारण त्यांना सगळी धास्ती खर्चाची होती. एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना दिली. दोन्हीकडे पोच घेतली, आवक क्रमांकासकट.

अर्जात "मदत करावी ही विनंती" एवढंच लिहिलं तर काही हलत नाही. आम्ही लिहिलं: फळ्यावरचं उतरवता येत नाही, प्रश्नपत्रिका वाचता येत नाही, म्हणून एक साधा विंडोज लॅपटॉप, हेडफोन आणि एनव्हीडीए हवंय. एनव्हीडीए म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. ऑस्ट्रेलियातल्या अंध प्रोग्रामर्सनी सुरू केलेलं, पूर्ण फुकट. मराठीही वाचतं. आवाज यंत्रासारखा आहे, पण पोरांना आठवड्यात सवय होते. आणि गंमत बघा, शाळेच्या कपाटात दोन लॅपटॉप पडूनच होते!

इथवर सगळं छान. मग आली घटक चाचणी. पेपर पेनड्राइव्हवर दिला आणि लॅपटॉप बोलायला लागला: इंग्रजी अक्षरं, कंस, स्वल्पविराम, नुसता गोंधळ. पोरगा म्हणाला, "ताई, हा शिव्या देतोय का?"

कारण सोपं आहे. पेपर जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला होता. त्यात फाइलच्या आत मराठी नसतंच, इंग्रजी अक्षरं असतात, फक्त त्यांचा आकार मराठी दिसतो. डोळ्याला फसवता येतं, सॉफ्टवेअरला नाही. विज्ञानाचा पेपर तर कागदाचा फोटो होता. त्यावर लॅपटॉप गप्पच. म्हणजे साधन मिळालं, पण वाचायला काही नाही!

म्हणून माझं म्हणणं आहे, पहिल्याच अर्जात ही ओळ घाला: "सर्व प्रश्नपत्रिका व नोट्स युनिकोड मराठीत, वर्ड फाइलमध्ये मिळाव्यात." आम्ही नंतर वेगळा अर्ज देऊन घातली. शाळेतल्या क्लार्क काकांना मी कन्व्हर्टर दाखवला. जोडाक्षरं मात्र हाताने तपासावी लागतात. काकांनी दोन दिवस कुरकुर केली, आता सगळंच युनिकोडमध्ये टाइप करतात, कारण तीच फाइल पालकांच्या ग्रुपवरही नीट उघडते.

तुम्हाला अनुभव घ्यायचा असेल तर अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक असतं. चालू करा, डोळे मिटा आणि शाळेच्या ग्रुपवर फोटो काढून टाकलेली एखादी नोटीस वाचून दाखवा. आणि हो, टॉकबॅक बंद करताना डबल टॅप करावा लागतो. नंतर मला मेसेज करू नका!

भूगोल मात्र अडलाय. नकाशा कुठलाच फॉन्ट बदलून बोलत नाही. ठळक रेषांच्या किंवा उठावाच्या नकाशांसाठी गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांकडे अर्ज दिलाय. त्याची पोच मामीने फ्रिजवर चिकटवली आहे आणि सोमवारी ती परत जाणार आहे.