ऊन लागलंय की औषध लागलंय?



कालव्याच्या पाण्यावर दुबार भात असतं, थंडीत आंब्याला मोहर येतो, आणि घराघरात फवारणीचा पंप बाहेर निघतो. माणूस दुपारी परत येतो, "डोकं जड झालंय" म्हणतो आणि ओटीवर आडवा होतो. आपण म्हणतो, ऊन लागलं असेल. कांदा हुंगायला देतो. पंप गळून पाठीवर भिजलेला शर्ट मात्र तसाच अंगावर राहतो.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-मजुरांना विषबाधा झाली. वीसहून जास्त माणसं गेली. फवारताना विष कातडीतून आणि श्वासातूनही अंगात जातं, त्यासाठी ते प्यावं लागत नाही. आपण त्याला 'औषध' म्हणतो ना, तिथेच फसतो.

फवारणीनंतर मळमळ, चक्कर, खूप घाम, तोंडाला लाळ, डोळ्यांपुढे अंधारी, अंग थरथरणं, धाप लागणं, यातलं काहीही दिसलं तरी ते विष समजा. कधी डोळ्याची बाहुली मोहरीएवढी बारीक होते. सगळी लक्षणं दिसेपर्यंत थांबू नका.

त्याला मोकळ्या हवेत आणा. १०८ ला फोन करायला कुणाला तरी सांगा आणि तोवर कपडे उतरवा, सगळे. सासरे असले की सून संकोचते, मला ठाऊक आहे. दिराला बोलवा, शेजाऱ्याला बोलवा, पण कपडे उतरलेच पाहिजेत. आपल्या हातात रबरी मोजे नसतील तर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवा, नाहीतर विष आपल्यालाही लागतं. साबण आणि भरपूर साध्या पाण्याने केस, कानामागे, काखा, नखं धुवा. खसाखसा घासू नका. डोळ्यांत उडालं असेल तर पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्याची धार धरा.

आता माझीच चूक सांगते. आमच्या घरी एकाच्या पोटात औषध गेलं तेव्हा मी मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला गेले. तो अर्धवट शुद्धीत होता. उलटी श्वासनळीत गेली आणि विषाबरोबर छातीचाही उपचार करावा लागला. म्हणून मीठ-पाणी, दूध, तूप, लिंबू यातलं काही पाजू नका, घशात बोटं घालू नका. गुंगीत असेल तर डाव्या कुशीवर निजवा, म्हणजे लाळ-उलटी बाहेर पडते. झटके आले तर तोंडात चमचा कोंबू नका.

गाडीला उशीर होत असेल तर मिळेल त्या वाहनाने जवळच्या सरकारी दवाखान्यात, नाहीतर माणगावच्या उपजिल्हा रुग्णालयात न्या. अंगारा-धुपारा करत बसू नका. बाटली पिशवीत घालून सोबत न्या. लेबल वाचलं की डॉक्टरांना विषाचा प्रकार कळतो. काही विषांवर उतारा असतो, पण तो त्यांनीच द्यायचा.

बरं वाटलं तरी त्याला त्या दिवशी एकटं सोडू नका. भिजलेले कपडे वेगळे धुवा, विहिरीवर किंवा नदीवर नेऊ नका. आणि आज घरी गेल्यावर गोठा, माळा बघा. कुणी उरलेलं औषध पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवलंय का?