दिंडीतली औषधाची पेटी
(शताब्दी सोहळ्यातील भाषण)

 

कीर्तनाला उभं राहिलो की आम्हाला दोन तास पुरत नाहीत. आज मात्र मंडळी म्हणाली, भाषण करा, आणि तेही औषधाच्या पेटीवर. आमचं शिक्षण चौथी. तवा चुकलं-माकलं पदरात घ्या.

आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. त्यातली पस्तीस-एक वर्षं ही पेटी आमच्याकडं आहे. त्याआधी आमच्या चुलत्यांकडं होती. पत्र्याची ट्रंक, तिच्यात सुंठ, ओवा, हळद, तेलाची बाटली आणि जुनी धोतरं फाडून केलेल्या पट्ट्या. चुलते गेले तशी ती आमच्या गळ्यात आली. ट्रंक आली, विद्या काही तिच्याबरोबर आली नाही.

मग भेटेल त्याच्याकडून शिकत गेलो. दगडी पाला एका मेंढक्यानं दाखवला. लोकर कातरताना मेंढीला कात्री लागली, तर गड्यानं बांधावरचा पाला चुरगाळून रस पिळला आणि रक्त थांबलं. कोकणातून येणाऱ्या एका आजीनं मुठेल दिलं. मुठेल म्हंजे रातांब्याच्या बियांचं घट्ट तेल, रात्री निजताना टाचेच्या भेगांत भरायचं. आमच्या माळरानाला रातांबा कुठला! पण आजी चालत होत्या तोवर दरवर्षी फडक्यात गुंडाळून गोळा आणायच्या.

तेल करायला मात्र तालुक्याच्या एका वैद्यबुवांनी शिकवलं. आम्ही आपले निर्गुडीचा पाला थेट तेलात टाकायचो आणि काळा होईस्तोवर कढवायचो. बुवांनी वास घेतला आणि म्हणाले, ही तर भजी तळलीत. मग त्यांनी माप सांगितलं. तिळाचं तेल एक लिटर, निर्गुडीच्या पाल्याचा रस चार लिटर आणि वाटलेला पाला पाव किलो. सगळं एकत्र करून मंद विस्तवावर ठेवायचं. दिवस मोडतो बरं का त्यात. खालचा गाळ बुडाला लागू द्यायचा नाही, उलथनं हलवत राहायचं. पाणी आटत आलं की तेलावर फेस येतो. तवा गाळातला चिमूटभर काढून बोटांत वळून बघायचा. वात वळली आणि ती विस्तवावर टाकल्यावर चटचट वाजली नाही, तर तेल झालं. वाजली तर पाणी राहिलंय, ते तेल वारीत निम्म्या वाटेत खवट होणार. याच तेलात पाचाला एक या मापानं मेण वितळवलं की मलम होतं. ट्रंकेत सांडत नाही, म्हणून आम्ही मलमच जास्त करतो.

त्रिफळ्याचंही असंच. हिरडा, बेहडा, आवळा सारखे घ्यायचे, हे सगळ्यांना ठाऊक. पण बिया काढून मग तोलायचं, हे आम्हाला सात-आठ वर्षांनी कळलं. तोवर आमच्या त्रिफळ्यात कवची किती आणि फळ किती, पांडुरंगालाच माहीत. वैद्यबुवांनी शार्ङ्गधराच्या ग्रंथातून वाचून दाखवलं की चूर्णाचा जोर दोन महिन्यांनी उतरतो. म्हणून दिवाळीत कुटून ठेवायचं सोडलं आणि ज्येष्ठ लागला की कुटायला बसू लागलो.

हात बसला तसं लोक आम्हाला वैद्यबुवा म्हणायला लागले. आम्हाला ते गोड लागलं. खोटं कशाला सांगू?

पंधरा वर्षं झाली असतील. आपल्यातले एक विणेकरी, नाव घेत नाही, दिवेघाट चढताना त्यांच्या अंगठ्याला फोड आला. सासवडला दोन मुक्काम असतात. तिथं आम्ही त्रिफळ्याच्या काढ्यानं पाय धुतला, मलम लावलं, पट्टी बांधली. जेजुरीला विचारलं, दुखतंय का? म्हणाले, अजिबात नाही. वाल्ह्याला विचारलं, नीरास्नानाच्या दिवशी विचारलं, लोणंदला विचारलं. तेच उत्तर. आमची छाती फुगली. चार जणांना सांगितलंसुद्धा की बघा, मलम कसं लागू पडलंय.

फलटणला पट्टी सोडली तर वास आला. अंगठा काळा पडला होता आणि तरी ते म्हणत होते, दुखत नाही.

दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, यांना साखर आहे का? आम्ही विणेकऱ्यांच्या तोंडाकडं बघितलं, त्यांनी आमच्या. कधी तपासलीच नव्हती. रक्त काढलं तर साखर भरपूर. डॉक्टर म्हणाले, साखरेनं पायाची जाणीव जाते. खडा रुतला तरी कळत नाही, जखम चिघळली तरी कळत नाही. म्हंजे 'दुखत नाही' हे आम्ही बरं झाल्याचं लक्षण धरत होतो आणि तेच रोगाचं लक्षण होतं. अंगठा आणि शेजारचं बोट काढावं लागलं. त्या साली त्यांची वारी फलटणलाच थांबली. गळ्यातली वीणा दुसऱ्याच्या गळ्यात देताना त्यांनी आमच्याकडं बघितलं नाही. आम्हीही मान वर केली नाही.

वारी संपल्यावर आम्ही त्यांच्या घरी गेलो. पाय धरले. ते म्हणाले, बुवा, मला लागतच नव्हतं तर मी तरी काय सांगू? पुढच्या साली ते आले. चालणं नव्हतं, सामानाच्या ट्रकात बसले आणि ट्रंक मांडीवर घेऊन बसले. जो कोणी औषधाला येईल त्याला आधी ते विचारायचे, साखर आहे का, आणि आपला पाय पुढं करून दाखवायचे. असं त्यांनी सहा वाऱ्या केल्या.

तेव्हापासून मलम लावायच्या आधी आम्ही विचारतो. साखर आहे का, रक्तदाबाची गोळी चालू आहे का. बाईमाणूस असेल तर आमच्या घरच्यांकरवी विचारतो, दिवस गेलेत का, कारण पोटुशीला अडुळसा द्यायचा नसतो. साखरवाल्याचा फोड असेल तर स्वच्छ पट्टी बांधायची आणि वाटेवर दवाखान्याच्या गाड्या असतात तिथं स्वतः घेऊन जायचं. छातीत कळ आली तर सुंठ-ओवा काढायचाच नाही, थेट गाडी गाठायची. हगवण लागली तर आधी साखर-मिठाचं पाणी. उकळून गार केलेलं पाणी एक लिटर, त्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. घोट घोट पाजत राहायचं. कुड्याची साल चांगली आहे, पण माणूस पाण्यावाचून जातो. रक्त पडलं किंवा लेकरू मलूल झालं तर तीही गाडीच.

कोणी म्हणेल, मग पेटी ठेवायची कशाला? अहो, पिंढऱ्या आखडतात, टाचा फुटतात, पावसात भिजून खोकला होतो. तिला काम पुष्कळ आहे.

आता आमचेही गुडघे बोलतात. दिंडीतली दोन पोरं शिकायला तयार झालीत, त्यातला एक दहावी आहे, म्हंजे आमच्याहून सहा यत्ता पुढं. त्यानं सगळी मापं वहीत उतरवून घेतलीत. पहिल्या पानावर मात्र आम्ही प्रश्न लिहायला लावलेत. ज्येष्ठाच्या पहिल्या आठवड्यात आमच्या वस्तीवर तेल करायचंय. ज्याला बघायचं त्यानं यावं. निर्गुडी ओढ्याला भरपूर आहे, पण आमचं पातेलं गळकं झालंय. कोणाकडं कल्हई केलेलं मोठं भांडं असेल तर आठ दिवसांसाठी द्या. घासून परत करू.

रामकृष्ण हरी.